शेगडी माझी, हात तुझा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहीत नाही, परत पाठवशील. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "हं" म्हणून कट करतोस. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. माझ्या परीक्षेचा निकालसुद्धा माझ्याआधी तूच उघडून बघायचास, भोचक कुठला.

मी ठणठणीत आहे. साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण अजून शेगडीखाली आडवी होते आणि माझी मी उठते. व्हॅन तीच, हत्यारांची पेटी तीच. सहा वर्षं झाली आपण धड बोललो नाही, म्हणून आधी हवापाण्याचं लिहिते.

कालच्या पेपरात पहिल्या पानावर छापून आलंय, राज्यभर छोटी हॉटेलं, खानावळी, बेकऱ्या भराभर निघतायत आणि चक्क टिकतायत. तज्ज्ञांना म्हणे आश्चर्य वाटतंय. मेल्यांनी मला विचारायचं की! मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे. पूर्वी महिन्याला हॉटेलांतल्या सहा-सात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचे, आता आठवड्याला तेवढ्या होतात, आणि त्यातल्या निम्म्या कोऱ्या बसवायच्या असतात. एवढंसं गाव, दोन रस्ते, आणि तिथे तीन जागी उकळ्या फुटतायत.

गेल्या आठवड्यात दोन जावांकडे गेले होते. सासऱ्यांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं, तिथे आता सोळा खुर्च्या. गाडीखाली उतरायचा जो खड्डा असतो ना, त्यावर जाड फळ्या टाकून टेबलं मांडलीत. थोरली सूप करते, धाकटी पाव भाजते. घरात दोघींमधून विस्तव जात नाही, आणि इथे दोघी विस्तवाच्या दोन बाजूंना उभ्या! थोरलीने नुसती पळी आपटली की धाकटीला कळतं, पाव काढायची वेळ झाली. मी विचारलं, "अहो, इथे कसं काय जमतं तुमचं?"

थोरली म्हणाली, "इथे गिऱ्हाईक असतं ना ताई. भांडायला फुरसत कुणाला आहे?"

धाकटी लगेच म्हणाली, "घरी गेल्यावर बघा."

त्यांचं सूप प्यायले. कांदा इतका सावकाश परतला होता की जिभेवर गोड लागत होता. तुझी आठवण झाली. तू कांद्याजवळ असाच उभा राहायचास, कुणी हाक मारली तरी ढिम्म हलायचा नाहीस. तेवढं सांगायला पत्र लिहिलं.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दोनदा पोस्टाची पेटी बघितली.

आज जिथून लिहितेय ते एका बस ड्रायव्हरचं हॉटेल आहे. बत्तीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवली, निवृत्त झाला, आणि शेवटच्या थांब्यावर पाच टेबलं टाकून बसला. मासे तळतो. आणि काय तळतो म्हणून सांगू! खिडकीतून घाटाचं वळण दिसतं. सव्वाबाराची बस वळणावर दिसली की मासा तव्यात पडतो. बस थांबून, माणसं उतरून, हात धुऊन बसेपर्यंत ताट समोर. बस उशिरा आली तर मासाही उशिरा. एकही तुकडा आधी तळून ठेवलेला नाही. फक्त जुनी सवय जात नाही, जेवणाऱ्यांना सारखं म्हणतो, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे."

आज टेबलं भरली तेव्हा त्याने चार माणसांना सरळ समोरच्या हॉटेलवाल्या बाईकडे पाठवलं. "तिची अंडी माझ्या माशांहून बरी आहेत," म्हणाला. मी म्हटलं, "अहो, असं हातचं गिऱ्हाईक घालवतात का?"

"ताई, उपाशी गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पोट भरलेलं येतं. मग ते कुणाकडे का भरेना."

हे मी आता गावोगावी बघते. बेकरीवाली कॉफीवाल्याला पाव देते, कॉफीवाला तिची पाटी आपल्या दारात लावतो. पेपरवाल्यांच्या तज्ज्ञांना हे कुठून दिसणार? ते शेगडीखाली वाकून बघत नाहीत.

आणि मला काय मान आहे, बघशील तर चाट पडशील. पूर्वी मी पेटी घेऊन दारात उभी राहिले की माझ्या मागे बघायचे, "मेकॅनिक कुठेय?" म्हणून. आता "ताई आल्या" म्हणतात आणि आधी खुर्ची देतात. एवढ्या लांबच्या लांब घाटातसुद्धा.

तुलाही असा शेजार मिळाला असता तर तुझं हॉटेल बावीस दिवसांत बंद पडलं नसतं. जाऊ दे. त्या उद्घाटनाच्या दिवसाचं मी उगाळत नाही. पहिलाच दिवस, चाळीस माणसं, तू घाबरलास, घाई झाली. होतं असं एखाद्याचं. तुझा हात मुळात वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले असते.

मासा थंड होतोय. ड्रायव्हर डोळे वटारतोय.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र बसून, नीट वाच. एका दमात वाचून टेबलावर टाकू नकोस.

जंक्शनच्या गावात बस डेपोसमोर एक हॉटेल आहे. चोवीस खुर्च्या. चालवणाऱ्या बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. भिंतीवर फळा आहे, त्यावर रोज खडूने तीनच पदार्थ लिहितात. चौथा मागितला तर चष्म्यावरून बघतात. डेपोचे कंडक्टर, पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सा, वकिलांचे कारकून, सगळे तिथे जेवतात आणि ताटात टाकलं तर ओरडा खातात. मोठमोठी माणसं मान खाली घालून शेवटचा घास संपवतात. चौदा वर्षं एक दिवस जागा रिकामी राहिलेली नाही.

आता त्यांचं वय बहात्तर आणि कंबर गेलीय. एकतीस मार्चला बंद करणार. मोबाइलवाला त्या जागेवर डोळा ठेवून आहे, रोज येऊन भिंती मोजतो. बाईंना तिथे चूल विझायला नको आहे. मला म्हणाल्या, "तू राज्यभरच्या स्वयंपाकघरांत शिरून आलीस. सगळ्यांच्या हातचं खाल्लंस. खरा हात कुणाचा?"

मी विचारसुद्धा केला नाही. म्हटलं, "माझ्या भावाचा."

"कुठे हॉटेल आहे त्याचं?"

"नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये असतो. साडेतीनशे माणसांचं रांधतो, वरून आलेल्या कागदाप्रमाणे."

"खरा हात आणि कागदाप्रमाणे?" बाई म्हणाल्या. "असं का?"

मी म्हटलं, "परिस्थिती."

त्यांनी आयुष्यभर मुलांच्या तोंडची खोटी कारणं ऐकलीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी उगाच रेग्युलेटर तपासला.

तर बोलणं असं आहे: पंचवीस मार्चला तू दुपारचं जेवण रांधायचं, त्यांच्या नेहमीच्या माणसांसाठी. ताटं चाटूनपुसून परत आली तर किल्ली तुझी. जुनी शेगडी बाद झालीय, नवी मी बसवीन. धाकट्या, ही जागा तुझ्यासाठीच आहे रे. मी तिथे उभी होते आणि मला तू दिसत होतास, त्या खिडकीपाशी, फडकं खांद्यावर टाकून. हो म्हण.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. तू स्वतः नाहीच. बिचारी अडखळत म्हणाली, "ते म्हणालेत, ताईला आणखी काही लिहायचं असेल तर लिहू दे. नसेल तर ती जागा मला नको."

आणखी काय लिहायचंय? आणखी काय? वाढलेलं ताट समोर ठेवलंय, आता काय घास भरवू? दैव देतं आणि कर्म नेतं ते असं. मी चार गावांची कामं पुढे ढकलून मास्तरीणबाईंशी बोलणी केली. त्या मोबाइलवाल्याला मी दारातून हाकलला. आणि साहेब म्हणतात, आणखी काही असेल तर लिहू दे! तू कोण मोठा लागून गेलास? तुझं जे झालं ते दहा जणांचं होतं, ते परत उभे राहतात. त्या दोन जावांचं पहिलं सूप कुणी तोंडाला लावलं नव्हतं. ड्रायव्हरचा पहिला महिना नुसता माश्या मारण्यात गेला. माणसं उठतात. तू सहा वर्षं फुगून बसलायस.

लिहिता लिहिता हात थांबला. वर जे लिहिलंय ते खोडत नाही, पण त्यावर सही करायला मन धजत नाही. सही न करताच टाकते.


९ मार्च

धाकट्या,

तीन कागद फाडले. हा चौथा. आता आडवळण घेत नाही.

चूक माझी होती. तुझा हात नव्हता चुकला, जेट चुकीचे होते.

तुला माहीत आहे, बर्नरच्या तोंडाशी पितळेचं जेट असतं, त्याच्या भोकातून गॅस येतो. पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं, सिलिंडरच्या गॅसला बारीक. फरक सुईच्या टोकाएवढा. माझ्याकडे दोन्हीचे दोन डबे, एकसारखे, बिस्किटांचे. नाव झाकणावर चिकटवलेलं. तुझ्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी मोठ्या हौसेने डबे घासले. भावाच्या हॉटेलात चकचकीत पेटी घेऊन जायची होती ना! घासून पुसून ठेवताना झाकणं अदलाबदल झाली.

तरीसुद्धा प्रत्येक जेट उजेडाकडे धरून बघायचं, हा माझाच नियम. त्या दिवशी बघितलं नाही. तुझ्या पाहुण्यांना मी माझे पराक्रम सांगत होते आणि बोलता बोलता आठ जेट फिरवून बसवले. सिलिंडरच्या शेगडीला पाइपचे.

तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "ताई, ज्योत पिवळी आहे. निळी का नाही?" मी म्हटलं, "नवी शेगडी आहे, दोन दिवस पिवळीच जळते." असं काही नसतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण एवढ्या माणसांत उघडून बघायचं म्हणजे माझी शोभा झाली असती, म्हणून तोंडाला येईल ते बोलले.

मग भांड्यांना काजळी धरली, सुपाला धुराचा वास लागला, मांस वरून काळं आणि आतून कच्चं. तुझ्या गावच्या डॉक्टरांनी घास रुमालात काढला. आणि मागच्या टेबलावरून कुणीतरी बोललं, "शेगडी बघा जरा, बाईने बसवलीय." ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "शेगडी माझी आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. हात त्याचा आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. वळून परत शेगडीपाशी गेलास.

हे इथवर तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. अकराव्या दिवशी दुसऱ्या गावात मी डबा उघडला, जेट उजेडाकडे धरलं आणि कळलं, झाकणं बदललीत. तुझं हॉटेल तेव्हा चालू होतं. अजून अकरा दिवस चालायचं होतं. मी त्याच दुपारी व्हॅन काढली. वाटेभर घोकत होते, बाजारात उभी राहून ओरडून सांगेन, चूक माझी, त्याची नाही. तुझ्या गावच्या पुलापर्यंत आले. इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभी राहिले. आणि मग धाकट्या, मी गाडी वळवली.

कारण मला माझं नाव प्यारं होतं. बाई मेकॅनिक म्हणून आधीच सगळे टपून बसलेले. बावीस वर्षं घासून मिळवलेलं नाव एका पिवळ्या ज्योतीपायी जाईल म्हणून मी तुझं जाऊ दिलं. गेल्या महिन्याच्या पत्रात परत लिहिलं की तू घाबरलास, घाई केलीस. ते लिहिताना मला खरं माहीत होतं. स्वतःची लाज वाटते मला.

माफी मागत नाही, ती मागायची वेळ पुलावर निघून गेली. पण तुझ्या हातात काही खोट नाही, कधीच नव्हती, हे तुला कळलंच पाहिजे. जागा घे किंवा सोड. हे पत्र पेटीत टाकून मी तशीच मास्तरीणबाईंकडे जातेय, त्यांनाही हेच सांगायला.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. व्हॅनमध्ये बसून वाचलं, एका बेकरीसमोर. बेकरीवाली धावत बाहेर आली, तिला वाटलं मला काही झालं. काही झालं नाही म्हटलं, भावाचं पत्र आलंय. तिने पाणी दिलं आणि शहाणी बाई, काही न विचारता आत गेली.

तू लिहिलंस ते मला पाठ झालंय. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण मला स्वतःच्या हाताने ते लिहून बघायचंय.

"ताई, दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बर्नर उघडले. समोरच्या चहावाल्याकडचं जेट आणून शेजारी धरलं आणि कळलं. त्याच दिवशी बदलून घेतले. पण तोवर गावभर बोभाटा झाला होता. खरं सांगितलं असतं तर चार माणसं परत आली असती. पण मग दहा गावांत हेच झालं असतं, की बाईने बसवली आणि बिघडली. मला दुसरीकडे काम मिळणारच होतं. तुला दुसरी संधी कुणी दिली नसती. चहावाल्यालाही शपथ घातली. मी तुझ्या चुकीवर नाही रागावलो. तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत राहिलो. पुलापर्यंत आली होतीस हे माहीत नव्हतं. चोवीसला येतो. शेगडी तूच बसव, दुसरं कुणी नको."

दुसऱ्याच दिवशी! म्हणजे उरलेले वीस दिवस तू रोज सकाळी रिकाम्या खुर्च्या पुसत होतास आणि गप्प होतास. आणि मी मूर्ख, तुला पत्रांतून फुशारक्या मारत होते, अमक्याकडे मान आहे, तमक्याकडे खुर्ची देतात. धाकट्या, त्या जावांच्या गॅरेजात, त्या घाटातल्या पाच टेबलांपाशी, राज्यातल्या एकेका स्वयंपाकघरात मी गेले ती तू तोंड मिटून बसलास म्हणून. मला वाटायचं मी माझ्या हिमतीवर चढले. तू खाली शिडी धरून उभा होतास आणि मी एकदाही खाली बघितलं नाही. आपली आई असती तर तिने मला झोडपून काढलं असतं, आणि तुलाही, इतकं सोसलंस म्हणून.

मास्तरीणबाईंना सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "कुठे चुकलं ते मूल स्वतः दाखवायचं, तेव्हा मी कापलेले अर्धे मार्क परत द्यायचे. तुला सहा वर्षं उशीर झालाय. पाव मार्क देते." मग म्हणाल्या, "भावाला पूर्ण."

गेले आठ-नऊ दिवस जाईन तिथे सांगतेय. एका बेकरीवाल्याने दुसरा मेकॅनिक बघतो म्हटलं, त्याचा तो हक्क आहे. थोरल्या जावेने सगळं ऐकून आधी मला तिची शेगडी उघडायला लावली, प्रत्येक जेट स्वतः उजेडाकडे धरून बघितलं, मग सूप दिलं. धाकटी म्हणाली, "मी असते तर घरी येऊन भांडले असते, तुमचा भाऊ फारच सोशिक." बस ड्रायव्हरने मी निघताना एवढंच विचारलं, "पंचवीसला जेवण किती वाजता?" त्याने दारावर पाटी लावलीय, पंचवीस तारखेला दुकान बंद. चार वर्षांत पहिल्यांदा. जावाही येतायत, दोघी एकाच बसने, एकाच बाकावर बसून, म्हणजे बघ.

चोवीसला दुपारी मी डेपोत उभी असेन. शेगडी तुझ्यासमोर बसवीन. एकेक जेट आधी मी बघेन, मग तू बघ, आणि तू "हो" म्हणाल्याशिवाय मी काडी ओढणार नाही. दोन्ही डबे कालच वेगवेगळ्या रंगांनी रंगवलेत. हसू नकोस.

आणि आणखी एक. पंचवीसला चोवीस खुर्च्या भरल्या की तू पहिलं ताट वाढायच्या आधी मी फळ्यापाशी उभी राहून त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना सांगणार आहे. तुझ्या गावचे डॉक्टरही येतायत, मी स्वतः पूल ओलांडून जाऊन त्यांना बोलावून आलेय. तू मला अडवशील, मध्ये येऊन "ताई, पुरे" म्हणशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे. अडवू नकोस. सहा वर्षं तू माझं नाव सांभाळलंस, आता पाच मिनिटं मला तुझं सांभाळू दे.

ताई